टेफ्लॉन: आम्लाला दाद न देणारं, पण बोल्टखाली सरकणारं प्लास्टिक

नळ बसवताना प्लंबर आट्यांवर जी पातळ पांढरी टेप गुंडाळतो, ती एकदा बोटांत धरून पाहा. तिला गोंद नसतो. हाताला ती किंचित मेणचट लागते, ओढली की लांबते आणि सोडली तरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. जाडी साधारण 0.075 मिलिमीटर. आटे ज्या दिशेने फिरून आत जातात त्याच दिशेने ती गुंडाळायची असते, नाहीतर नळ आवळताना ती उलगडून बाहेर येते. नीट गुंडाळली तर आटे सहज फिरतात, जोड आणखी थोडा आत जातो आणि दोन धातूंमध्ये उरलेली मळसूत्री फट ही मऊ टेप भरून काढते.

हेच द्रव्य दुसऱ्या महायुद्धात युरेनियम वेगळं करण्याच्या यंत्रणेत वापरलं गेलं. आजही तापलेल्या आम्लाच्या पाइपांना आतून त्याचं अस्तर असतं. पुलांच्या बेअरिंगमध्ये ते असतं आणि कृत्रिम रक्तवाहिन्यांतही. पूर्ण नाव पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन, धंद्यातलं नाव पीटीएफई आणि सगळ्यांच्या तोंडी बसलेलं नाव टेफ्लॉन. हे शेवटचं खरं तर एका कंपनीचं व्यापारी नाव आहे, पण आता ते सर्रास सगळ्याच पीटीएफईला लावलं जातं. मीही इथे तसंच करणार आहे.

कारखान्यात टेफ्लॉनबद्दल एक समजूत पक्की असते: त्याला काही होत नाही. रसायनांपुरती ती जवळपास खरी आहे. पण याच समजुतीपायी फ्लँज (पाइपांच्या टोकांना असलेल्या, बोल्टने जोडायच्या कडा) गळतात, अस्तरं फाटतात आणि घट्ट बसवलेले बुश (दांड्याभोवती बसणाऱ्या नळीसारख्या चकत्या) सैल होतात. कारण टेफ्लॉनचे गुण आणि दोष एकाच मुळातून आलेले आहेत. ज्या रचनेमुळे त्यावर आम्ल चालत नाही, त्याच रचनेमुळे ते दाबाखाली सरकतं, त्याला गोंद धरत नाही आणि वितळवून साच्यात ओतता येत नाही. ते मूळ एकदा समजलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

आधी रेणू पाहू. पॉलिथिनमध्ये कार्बनची लांब साखळी असते आणि प्रत्येक कार्बनला दोन हायड्रोजन जोडलेले असतात. त्या सगळ्या हायड्रोजनच्या जागी फ्लुओरीन बसवला की टेफ्लॉन झालं. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे. कार्बन आणि फ्लुओरीन यांचा बंध तोडायला दर मोलला सुमारे 485 किलोजूल ऊर्जा लागते, कार्बन-हायड्रोजनच्या बंधाला सुमारे 413. शिवाय फ्लुओरीनचा अणू हायड्रोजनपेक्षा मोठा. त्यामुळे हे अणू शेजारी शेजारी सरळ मावत नाहीत आणि साखळीला पीळ पडतो. या पिळामुळे कार्बनचा कणा सगळ्या बाजूंनी झाकला जातो, अंगावर चिलखत चढवावं तसा. बाहेरून आलेल्या आम्लाला किंवा अल्कलीला कार्बनपर्यंत पोचायला वाटच सापडत नाही आणि समोर असलेला फ्लुओरीन जागा सोडायला तयार नसतो.

म्हणून सल्फ्युरिक, नायट्रिक, हायड्रोक्लोरिक, काच खाणारं हायड्रोफ्लुओरिक, अगदी सोनं विरघळवणारं अम्लराज, यांपैकी कशाचाही टेफ्लॉनवर परिणाम होत नाही. कॉस्टिकचा, म्हणजे तीव्र अल्कलीचाही नाही. नेहमीच्या तापमानाला ते विरघळवू शकेल असा द्रावकही नाही. अपवाद मोजके आहेत: वितळलेल्या सोडियम-पोटॅशियमसारखे अल्कली धातू, तापलेला किंवा दाबाखालचा फ्लुओरीन वायू आणि क्लोरीन ट्रायफ्लुओराइडसारखी जहाल रसायनं. हे पदार्थ रोज हाताळणारे कारखाने थोडेच असतात.

आता याच चिलखताची दुसरी बाजू. फ्लुओरीन आपले इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरून ठेवतो की एका साखळीचं शेजारच्या साखळीशी फारसं आकर्षण उरत नाही. साखळी स्वतः मजबूत, पण साखळ्यांची आपसातली पकड ढिली. टेफ्लॉनचं सगळं वागणं या वाक्यात आलं असं मी म्हणेन. बाहेरच्या कुठल्याही पदार्थाशी पकड नाही, म्हणून काही चिकटत नाही. एकमेकांशी पकड नाही, म्हणून थर थरावरून घसरतात आणि घर्षण कमी होतं. आणि तेवढ्याचसाठी सततच्या दाबाखाली साखळ्या हळूहळू सरकत राहतात. धंद्यात याला कोल्ड फ्लो म्हणतात, कारण त्याला उष्णतेची गरज नसते. उष्णता मिळाली तर वेग वाढतो, इतकंच.

फ्लँजच्या जोडावर हे उघड दिसतं. टेफ्लॉनच्या साध्या शीटमधून कापलेलं गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारी चकती, दोन फ्लँजमध्ये ठेवून बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळले. त्या वेळी जोड पक्का असतो. रात्रीतून गॅस्केट थोडं पातळ होतं, कडेने बाहेर पसरतं आणि तितका बोल्टचा ताण उतरतो. दुसऱ्या दिवशी टॉर्क रेंच लावली की नट पुन्हा फिरतो. लाइन एकदा गरम होऊन थंड झाली की ताण आणखी उतरतो. म्हणून असे जोड बसवल्यावर, आणि पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर, परत आवळायचे असतात. तेही लाइन थंड असताना, आत दाब नसताना. गळती दिसली म्हणून गरम लाइनवरच पाना लावणारे हुशार लोक भेटतात. त्या वेळी टेफ्लॉन मऊ असतं, आवळाल तेवढं आणखी पसरतं आणि थंड झाल्यावर जोड आधीपेक्षा ढिला होतो. शिवाय आत गरम आम्ल असतं ते वेगळंच.

यावर उपाय बरेच आहेत. टेफ्लॉनमध्ये काचेचे तंतू, कार्बन, ग्राफाइट, कांस्याची पूड किंवा सिलिका असे फिलर मिसळतात. मग सरकणं कमी होतं आणि झीज तर शेकडो पटींनी कमी होते. बुश आणि पिस्टन रिंगसाठी शुद्ध टेफ्लॉन सहसा वापरत नाहीत ते यासाठीच. ते घसरतं छान, पण झिजतंही झपाट्याने. मात्र फिलर आला की रसायनांचा प्रश्न नव्याने विचारावा लागतो. टेफ्लॉनला हायड्रोफ्लुओरिक आम्लाचं काही वाटत नाही, पण आतल्या काचेला वाटतं. काच भरलेलं सील त्या आम्लात टाकलं तर तंतू खाल्ले जातात आणि उरतो सच्छिद्र, भुसभुशीत तुकडा. तीव्र कॉस्टिकमध्येही काचेची गत बरी नसते. कांस्य भरलेलं टेफ्लॉन हायड्रॉलिक तेलात उत्तम चालतं, आम्लात नाही. कॅटलॉगमधला ‘टेफ्लॉन: सर्व रसायनांना योग्य’ हा रकाना शुद्ध टेफ्लॉनचा असतो, तुमच्या हातातल्या फिलरवाल्या तुकड्याचा नव्हे. ही चूक मला सगळ्यात महागडी वाटते, कारण कागदावर ती दिसतच नाही.

दुसरा उपाय म्हणजे टेफ्लॉनला कोंडून ठेवायचं. पुलांच्या बेअरिंगमध्ये हे फार छान केलेलं असतं. उन्हाळ्यात पूल लांबतो, थंडीत आखडतो आणि तेवढी हालचाल खांबाच्या डोक्यावर कुठेतरी सामावून घ्यावी लागते. तिथे टेफ्लॉनची जाड चकती आणि तिच्यावर आरशासारखी घासलेली स्टेनलेस स्टीलची प्लेट अशी जोडी बसवतात. चकतीची जवळजवळ निम्मी जाडी खालच्या पोलादातल्या खाचेत रुतवलेली असते, म्हणजे भार आला तरी ती कडेने पसरायला मोकळी नसते. तिच्या पृष्ठभागावर छोटे छोटे खळगे असतात, त्यांत सिलिकॉन ग्रीस भरलेलं. भार वाढला की टेफ्लॉनचा घर्षणांक उलट कमी होतो, त्यामुळे जड पूल इथे अडचण ठरत नाही. आणखी एक गंमत अशी की थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर आणि हलती ठेवायला लागणारा जोर टेफ्लॉनमध्ये जवळपास सारखाच असतो. म्हणून सरकताना झटके बसत नाहीत, आवाजही होत नाही.

हे घसरणं नेमकं होतं कसं? टेफ्लॉन पोलादावर घासलं की सुरुवातीला त्याचा अगदी पातळ पापुद्रा निघून पोलादाला लागतो. त्यानंतर घर्षण टेफ्लॉन आणि पोलादाचं न राहता टेफ्लॉन आणि टेफ्लॉनचं होतं. पोलाद खरबरीत असेल तर पापुद्रा टिकत नाही, सारखा नवा निघत राहतो आणि सील भराभर झिजतं. सील लवकर गेलं की दोष सीलला दिला जातो. आधी शाफ्टचा, म्हणजे सील ज्यावर घासतं त्या दांड्याचा, पृष्ठभाग तपासावा.

शोधाची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, म्हणून थोडक्यात. 6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ड्यूपाँट कंपनीच्या जॅक्सन प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा 27 वर्षांचा रसायनतज्ज्ञ शीतकरणासाठी नवे वायू शोधत होता. टेट्राफ्लुओरोएथिलीन वायू भरलेल्या एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला तर काहीच बाहेर येईना. सिलिंडर रिकामा म्हणावा तर वजन भरलेल्याइतकंच. प्लंकेट आणि त्याचा सहायक जॅक रिबोक यांनी तो करवतीने कापला, तेव्हा आत पांढरी मेणचट पूड सापडली. वायूचे रेणू आपसात जोडले जाऊन त्यांची साखळी झाली होती. पेटंट 1941 मध्ये मिळालं. त्यानंतरच्या वर्षांत युरेनियम हेक्झाफ्लुओराइड या भलत्याच गंजवणाऱ्या वायूला टिकणारी गॅस्केटं आणि सीलं अणुबॉम्ब प्रकल्पाला हवी होती, ती यातून बनली. स्वयंपाकाच्या तव्यावर टेफ्लॉन आलं ते पन्नाशीच्या दशकात, फ्रान्समध्ये मार्क ग्रेगुआर यांच्या हातून.

तव्यावरून एक रास्त प्रश्न पडतो. कशालाच न चिकटणारा पदार्थ तव्याला चिकटवला कसा? धातूचा पृष्ठभाग आधी खरबरीत करतात, मग धातूला धरणारा प्रायमर लावतात. तापवल्यावर टेफ्लॉन त्या खाचाखोचांत अडकून बसतं. कारखान्यात टेफ्लॉनची शीट पोलादाच्या टाकीला चिकटवायची असेल तर वेगळी युक्ती लागते. वर सांगितलेला अपवाद इथे कामाला येतो. शीटची एक बाजू सोडियमच्या द्रावणाने खरवडून घेतात. वरच्या थरातला फ्लुओरीन निघून जातो, ती बाजू तपकिरी होते आणि तिला गोंद धरतो. अशी शीट उन्हात उघडी ठेवू नये, अतिनील किरणांनी ती पकड कमी होत जाते.

तापमानाबद्दल बोलायचं तर सततच्या वापरासाठी 260 अंश सेल्सिअस ही मर्यादा सगळीकडे छापलेली असते, आणि ती बरोबर आहे. फक्त तिचा अर्थ नीट घ्यायला हवा. इतक्या तापमानाला टेफ्लॉन रासायनिकदृष्ट्या टिकतं, भार मात्र तेवढाच पेलतं असं नाही. 23 अंशांना ते जेवढा ताण सहन करतं, त्याचा थोडा भागच 200 अंशांना करतं. थंडीत उलट ते फार भलं वागतं. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे 196 अंशांना, बहुतेक प्लास्टिकं काचेसारखी तडकतात, टेफ्लॉनमध्ये थोडी लवचीकता शिल्लक असते.

लेथवर काम करणाऱ्यांना माहीत असलेला, पण बाहेर फारसा कानावर न येणारा एक आकडा आहे: 19 अंश. या तापमानाच्या आसपास टेफ्लॉनच्या साखळीचा पीळ बदलतो. त्याखाली 13 कार्बनमागे अर्धा पीळ पडतो, त्यावर 15 कार्बनमागे. पदार्थ वितळत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही, पण आकारमान सुमारे 1 टक्क्याने बदलतं. सकाळी गार कारखान्यात वळलेला बुश दुपारी मापात बसत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून नेमकी मापं 23 अंशांना घेण्याचा प्रघात आहे. त्यात भर म्हणजे टेफ्लॉनचं उष्णतेने प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दहापट. पोलादाच्या सवयीने टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) दिलेली ड्रॉइंगं इथे चालत नाहीत.

स्फटिकी टेफ्लॉन 327 अंशांना वितळतं. पण वितळणं म्हणजे वाहणं नव्हे. साखळ्या इतक्या लांब असतात की वितळल्यावरही ते अर्धपारदर्शक जेलसारखं होऊन आपला आकार धरून उभं राहतं. त्यामुळे बादल्या-खुर्च्यांच्या प्लास्टिकसारखं ते साच्यात दाबून भरता येत नाही. पूड थंड साच्यात दाबतात, दाबलेला ठोकळा बाहेर काढून भट्टीत 360 ते 380 अंशांना भाजतात आणि सावकाश थंड करतात. जाड ठोकळ्याचं हे चक्र काही दिवस चालतं, कारण टेफ्लॉन उष्णतेचं मंदवाहक आहे आणि घाई केली तर आत चिरा पडतात. मग तो ठोकळा लेथवर फिरवून रुंद पात्याने सोलतात, तेव्हा शीट निघते. प्लास्टिकपेक्षा ही कृती धातूच्या पुडीपासून भाग बनवण्याच्या पद्धतीला जवळची.

हा व्याप टाळायचा असेल तर त्याची भावंडं आहेत. एफईपी सुमारे 260 अंशांना वितळून वाहतं आणि 200 अंशांपर्यंत चालतं. पीएफए 305 च्या आसपास वितळतं आणि टेफ्लॉनइतकंच, 260 अंशांपर्यंत, चालतं. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत काच चालत नाही आणि धातूचा कणसुद्धा खपत नाही, तिथे आम्लाच्या नळ्या आणि टाक्या पीएफएच्या असतात. ताकद हवी असेल तर पीक (PEEK) हे वेगळ्या कुळातलं प्लास्टिक बघावं. ते टेफ्लॉनपेक्षा कितीतरी पट मजबूत आहे, 250 अंशांपर्यंत काम करतं, पण तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळतं. आम्ल आणि भार दोन्ही एकदम असतील तेव्हा नेमकी निवड अवघड होते.

मग भार पोलादाला द्यायचा आणि रसायन टेफ्लॉनला, अशी वाटणी करतात. पोलादी पाइपाला आतून टेफ्लॉनचं अस्तर. या पाइपांच्या बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात आणि नवख्या माणसाला ती गंजाने पडलेली वाटतात. ती मुद्दाम ठेवलेली असतात. क्लोरीन किंवा हायड्रोजन क्लोराइडसारख्या वायूंचे रेणू अस्तराला इजा न करता त्यातून हळूहळू पार होतात. त्यांना बाहेर जायला वाट नसेल तर ते अस्तर आणि पोलाद यांच्यामध्ये साठतात, पोलाद गंजवतात आणि अस्तराला आत ढकलतात. रंगकाम करताना ती भोकं बुजवणं हे सहज होणारं आणि फार नुकसान करणारं काम आहे. व्हॅक्यूमही तितकाच वाईट. आत पोकळी तयार झाली की सुटं अस्तर आत चेपतं आणि एकदा दुमडलेलं अस्तर पुन्हा सरळ होत नाही.

विजेच्या बाजूनेही टेफ्लॉन चांगलं आहे. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) सुमारे 2.1 असतो आणि वारंवारिता बदलली तरी तो फारसा बदलत नाही, म्हणून ते रडार आणि विमानांच्या वायरींत असतं. तापवून झटक्याने ताणलेलं टेफ्लॉन हा तर स्वतंत्र विषय आहे. 1969 मध्ये बॉब गोर यांना सापडलेल्या या सच्छिद्र रूपातून पावसाळी कपडे, गाळण्या आणि आधी म्हटलेल्या कृत्रिम रक्तवाहिन्या बनल्या. याच रूपातलं गॅस्केट साध्या शीटपेक्षा खूप कमी सरकतं. किरणोत्सर्ग मात्र टेफ्लॉनला सोसत नाही. वैद्यकीय साधनं निर्जंतुक करायला गॅमा किरणांचा जो नेहमीचा डोस देतात, तेवढ्यानेही ते ठिसूळ होऊ लागतं.

आता धोक्याचं. नेहमीच्या तापमानाला टेफ्लॉन निरुपद्रवी आहे. तव्याचा सुटलेला पापुद्रा पोटात गेला तर जसाच्या तसा बाहेर पडतो. पण मर्यादेपलीकडे तापलं की विषारी वाफा निघतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर त्या घरातला पिंजऱ्यातला पक्षी मरू शकतो, इतकी पक्ष्यांची फुफ्फुसं नाजूक असतात. माणसाला अंग दुखणं, थंडी, ताप असा फ्लूसारखा त्रास होतो आणि तो साधारण एकदोन दिवसांत उतरतो. टेफ्लॉनची पूड हाताळणाऱ्या कामगारांना हा ताप भट्टीजवळ न जाताही येई. बोटांवरची पूड सिगारेटला लागे आणि जळत्या टोकाच्या उष्णतेत तिची वाफ थेट छातीत जाई. म्हणून टेफ्लॉनचं काम चालतं तिथे धूम्रपानाला सक्त मनाई असते, आणि टेफ्लॉन बसलेल्या भागाजवळ गॅसकटर किंवा वेल्डिंग लावण्याआधी ते काढून ठेवायचं असतं.

पर्यावरणाचा वाद जास्त गुंतागुंतीचा आहे. टेफ्लॉन बनवताना पीएफओए नावाचं मदतनीस रसायन वर्षानुवर्षं वापरलं गेलं. ते पाण्यात आणि माणसांच्या रक्तात पोचलं आणि निसर्गात त्याचं विघटन जवळपास होतच नाही. 2019 मध्ये ते चिवट प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं आणि 2023 मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तयार टेफ्लॉन म्हणजे पीएफओए नव्हे, ही उत्पादकांची बाजू रास्त आहे. पण कारखान्यातून बाहेर पडलेलं पाणी त्या टेफ्लॉनच्याच खात्यात धरायला हवं असं माझं मत आहे. 2023 मध्येच युरोपातल्या पाच देशांनी अशा हजारो फ्लुओरीनयुक्त पदार्थांवर निर्बंध सुचवले, त्यांत टेफ्लॉनही मोडतं. तव्याला आणि जॅकेटला पर्याय आहेत. तापलेल्या हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या व्हॉल्व्हला सहज मिळणारा पर्याय नाही, आणि खरी ओढाताण तिथे आहे.

हे लगेच सुटणार नाही, आणि तोवर गॅस्केटं मागवावी लागणारच. मागवताना नुसतं ‘टेफ्लॉनचं द्या’ म्हणू नका. रसायन कोणतं, त्याची तीव्रता किती, तापमान आणि दाब किती, लाइन दिवसातून कितीदा गरम-थंड होते, कधी व्हॅक्यूम येतो का आणि फ्लँज पोलादाचा आहे की काचेचं अस्तर असलेला, एवढं लिहून द्या. यातलं काहीच न विचारता जो लगेच भाव सांगतो, त्याला आधी फिलर कोणता आहे ते विचारा.